शेवटचा पोचला की रॅली पोचली

मुलांनो,

डिसेंबरातल्या एका रविवारची सकाळ. थंडी चांगलीच पडली होती. आमच्या कुरकुंभच्या चौकात मी दूध घ्यायला थांबले होते. कुरकुंभ कुठं आहे, ते नकाशात शोधा हं. पुण्याहून सोलापूरला जाणारा मोठा रस्ता आणि दौंडहून बारामतीला जाणारा रस्ता जिथं एकमेकांना छेदतात, तिथलं हे गाव. इथं फिरंगाई देवीचं देऊळ आहे आणि औद्योगिक वसाहतीची धुरांडीही आहेत. रस्त्यावर दिवसरात्र टँकर आणि ट्रक धावत असतात.

तर त्या ट्रकांच्या आवाजात एक वेगळाच आवाज मिसळला. टर्र टर्र टर्र! पुण्याच्या बाजूनं स्कूटरची एक रांग आली. निळ्या, पांढऱ्या, पिस्ता रंगाच्या जुन्या स्कूटर. कुणाच्या मागं बांधलेली वळकटी, कुणाच्या पुढं पिशवी. सगळे चहाच्या टपरीजवळ कडेला थांबले.

माझ्या शेजारी आमच्या चौथीच्या वर्गातला एक मुलगा उभा होता. वर्गात त्याचा पहिला नंबर प्रश्न विचारण्यात.

"बाई, शर्यत आहे का?"

"नाही रे, रॅली आहे. हे लोक जुन्या स्कूटरचे शौकीन असतात. वर्षातून एकदा शनिवार-रविवार मिळून फिरायला निघतात."

"मग चहा का घेत नाहीत? नुसतेच उभे राहिलेत."

खरंच की! टपरीवाला किटली घेऊन तयार होता, पण एकानंही कप हातात घेतला नव्हता. सगळे आले त्या रस्त्याकडं बघत होते. एक बाई बोटावर मोजत होत्या. पाच मिनिटं गेली. मग दोन स्कूटर हळूहळू येताना दिसल्या. पुढची जरा खोकत होती, मागची तिच्या मागोमाग शांतपणे येत होती. त्या दोन्ही येऊन थांबल्या तेव्हा मोजणाऱ्या बाई म्हणाल्या, "झाले पूर्ण." आणि मग सगळ्यांनी चहा घेतला.

आमच्या प्रश्नेश्वरांना हे काही पटलं नाही. "बाई, एकासाठी सगळे थांबले?"

त्याचं उत्तर मी त्याला चौकात दिलं नाही. म्हटलं, सदरातच देऊ. म्हणजे तुम्हा सगळ्यांनाही कळेल.

रॅली म्हणजे काय?

रॅली म्हटलं की आपल्याला वाटतं, जो आधी पोचला तो जिंकला. तशा वेगाच्या रॅली असतात बरं का. मुंबईकडं पावसाळ्यात चिखलातून स्कूटर पळवायची रॅली कित्येक वर्षं भरत आली आहे. पण त्यातले चालक परवानेवाले आणि सराव केलेले असतात. आणि त्यांचा तो रस्ता इतरांसाठी बंद ठेवलेला असतो.

दुसरी एक रॅली असते वेळेची. तुम्हाला सांगतात, इथून तिथपर्यंत ताशी ३२ किलोमीटर वेगानं जा. अंतर २४ किलोमीटर. करा बरं गणित! बरोबर, ४५ मिनिटं. आता गंमत ऐका. तुम्ही ५० मिनिटांनी पोचलात तर गुण कापतात. पण ४० मिनिटांनी पोचलात तरीही कापतात! कित्येक रॅलींत तर उशिरापेक्षा लवकर येण्याचा दंड जास्त असतो. म्हणजे घाई केली की हरलात.

आणि तिसरी रॅली आमच्या चौकात आली होती तशी. तिथं कुणाचा नंबरच काढत नाहीत. सगळ्यांनी मिळून जायचं, मिळून यायचं. वाचायला सोपं वाटतं, पण तिन्हींत हीच अवघड असते. का, ते पुढं सांगते.

गांधीलमाशी बारामतीला कशी आली?

त्याआधी या स्कूटरची थोडी गोष्ट. इटली देशात पाँतेदेरा नावाचं गाव आहे. तिथं पियाज्जो कंपनीचा विमानं बनवण्याचा कारखाना होता. दुसऱ्या महायुद्धात तो बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाला. युद्ध संपलं. आता विमानं कोण घेणार? लोकांकडं पैसे नव्हते आणि रस्ते फुटलेले. मालकांनी ठरवलं, सामान्य माणसाला परवडेल असं दुचाकी वाहन काढायचं. ते काम दिलं कोरादिनो द'आस्कानियो या इंजिनिअरला. हा गडी हेलिकॉप्टरवर काम केलेला. त्याला मोटरसायकल मुळीच आवडत नसे! तिच्यावर टांग टाकून बसावं लागतं, कपड्यांना तेल लागतं, चाक पंक्चर झालं की काढायला त्रास. म्हणून त्यानं आपल्या गाडीत हे तिन्ही दोष काढून टाकले. पुढं पाय ठेवायला मोकळी जागा केली. इंजिन पत्र्याच्या आत झाकलं. आणि पुढचं चाक विमानाच्या चाकासारखं एकाच बाजूनं धरलं, म्हणजे ते चटकन निघतं. वर्ष होतं १९४६. मागचा भाग फुगीर, कंबर बारीक आणि आवाज गुणगुणता. म्हणून नाव पडलं 'वेस्पा'. इटालियन भाषेत वेस्पा म्हणजे गांधीलमाशी!

तीनच वर्षांनी, १९४९ मध्ये, इटलीतल्या वेस्पावाल्यांनी आपला देशभराचा क्लब काढला. मग थव्याथव्यानं फिरणं सुरू झालं. १९६२ मध्ये स्पेनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी वेस्पावरून ७९ दिवसांत जगाची फेरी केली. त्यांच्या स्कूटरवर साल्वादोर दाली या मोठ्या चित्रकारानं रंगकाम करून सही ठोकली होती. ती स्कूटर आज पाँतेदेराच्या संग्रहालयात आहे. अजूनही दरवर्षी एखाद्या देशात जगभरचे वेस्पावाले जमतात. २०२४ मध्ये ते पाँतेदेरालाच जमले होते, हजारोंच्या संख्येनं.

आपल्याकडं बजाज कंपनीनं आधी या स्कूटर बाहेरून आणल्या, मग परवाना घेऊन पुण्याजवळ आकुर्डीला बनवल्या. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये आली 'चेतक'. नाव कुणाचं? राणा प्रतापांच्या घोड्याचं. तुमच्या आजोबांना विचारा, चेतक नोंदवली की किती वर्षं वाट पाहावी लागे. कुणी आठ सांगेल, कुणी दहा! ती जुनी चेतक पुढं बंद झाली. २०२० मध्ये ते नाव पुन्हा आलं, पण विजेवर चालणाऱ्या स्कूटरला. आणि खरी वेस्पा? एप्रिल २०१२ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला थेट बारामतीला. आमच्या चौकातून दक्षिणेला वळलं की तासाभराच्या आत. पाँतेदेराची माशी फिरत फिरत आमच्या शेजारी येऊन बसली म्हणायची.

मिळून जायचं कसं?

आता अवघड भाग. समजा बारा स्कूटर निघाल्या. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. पुढच्यानं अचानक ब्रेक दाबला तर मागच्याला थांबायला निदान दोन सेकंदांचं अंतर हवं. म्हणजे २० मीटर. बारा स्कूटरमध्ये मोकळ्या जागा किती? बारा नव्हे, अकरा! अकरा गुणिले वीस, २२० मीटर लांब रांग झाली. एवढी रांग ट्रकवाला ओलांडणार कशी?

म्हणून दोन गोष्टी करतात. एक, पाच-सहा जणांचे लहान गट करतात. दोन, रांग सरळ न ठेवता नागमोडी ठेवतात. पहिला आपल्या पट्ट्याच्या उजव्या अंगाला, दुसरा जरा मागं डाव्या अंगाला, तिसरा पुन्हा उजव्या. तिरका शेजारी एक सेकंदावर आणि नाकासमोरचा दोन सेकंदांवर. रांग निम्मी होते आणि ब्रेकलाही जागा राहते. जोडीनं गप्पा मारत मात्र कधीच जायचं नाही. आणि वळणावर, अरुंद जागी पुन्हा एकामागं एक. दौंडला रेल्वेखालून जाणारी कुरकुंभ मोरी आहे ना, तसल्या ठिकाणी नागमोडी चालत नाही.

सगळ्यात पुढं रस्ता माहीत असलेला माणूस. सगळ्यात मागं सगळ्यात अनुभवी माणूस. त्याच्याकडं पाने, प्लग, क्लचची वायर आणि भरपूर धीर. तो कुणालाही मागं टाकून पुढं जात नाही.

आता सांगा, सगळ्यात हळू गाडी कुठं ठेवायची? "शेवटी!" असंच म्हणालात ना? चूक. ती ठेवायची पुढच्या माणसाच्या लगेच मागं, दुसऱ्या नंबरावर. कारण असं की, पहिला गतिरोधकापाशी हळू होतो आणि मग वेग घेतो, तेव्हा शेवटचा अजून गतिरोधकाच्या अलीकडंच असतो. पुढचे लांब गेलेले असतात. त्यांना गाठायला शेवटच्याला सगळ्यांपेक्षा जोरात पळावं लागतं. म्हणजे हळू गाडीला शेवटी ठेवलं तर आपण तिलाच सगळ्यात जोरात पळायला लावतो. शाळेच्या सहलीत रांगेच्या शेपटाची मुलं का धावत असतात, ते आता कळलं?

आणि शेवटचा नियम, सगळ्यात मोलाचा. प्रत्येकानं आरशात आपल्या मागच्या एका माणसावर लक्ष ठेवायचं. तो दिसेनासा झाला की आपण हळू व्हायचं. आपण हळू झालो की आपल्या पुढचा हळू होईल. असं करत करत निरोप न पाठवताही सगळी रांग थांबते. सगळ्यांना सांभाळायचं नाही, फक्त एकाला सांभाळायचं. मग सगळे सांभाळले जातात.

मी आरशात पाहिलं नाही

हा नियम मला तोंडपाठ होता. तरी एकदा मी तो मोडला. आज ते सांगूनच टाकते.

आमचे अण्णा औद्योगिक वसाहतीत नोकरीला होते. त्यांच्या ओळखीची नऊ-दहा मंडळी संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी दुपारी आपापल्या स्कूटर काढायची. सोलापूरच्या रस्त्यानं भिगवणकडं जायचं, रात्री एका काकांच्या शेतावर हुरडा आणि मुक्काम. पहाटे उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी बघायचे. हिवाळ्यात तिथं गुलाबी पायांच्या त्या पक्ष्यांचे थवे उतरतात. रविवारी दुपारी घरी.

मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नवा परवाना आणि अण्णांनी घेऊन दिलेली नवी, बटणावर सुरू होणारी स्कूटर. पहिल्यांदाच माझी गाडी रांगेत लागली. माझ्या मागं चष्मेवाले काका, त्यांची गाडी जुनी चेतक. आणि त्यांच्या मागं शेवटी फिटर काका. माझ्या गाडीला सीटखाली मोठी डिकी होती, म्हणून जादा क्लच वायर, पाने आणि चष्मेवाल्या काकांचा जेवणाचा डबा असं सगळं माझ्याकडं दिलं. काकांना साखरेचा आजार होता. गोळी घेतली की त्यांना वेळेवर खावं लागे. पहिल्या थांब्यावर ते जेवणार होते.

रस्ता मोकळा होता, वारा छान होता, गाडी नवी होती. आणि माझ्या मनात गुलाबी पक्षी. आरशात मी बघतच नव्हते म्हणा ना. एकदा पाहिलं, ते कपाळावरचे केस सारखे करायला.

थांब्यावर पोचलो. अण्णांनी मोजलं. दोन कमी. "मागं कोण होतं?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला सांगताच येईना की काका शेवटचे कधी दिसले. अण्णांनी खिशातला फोन काढला. फिटर काका तीनदा फोन करून थकले होते. वाऱ्यात ऐकूच आला नव्हता.

अण्णा आणि मी वळसा घेऊन उलटे निघालो. आठ किलोमीटर मागं एका कडुनिंबाखाली ते दोघं दिसले. क्लचची वायर तुटली होती. नवी वायर कुठं? माझ्या डिकीत. दोघांनी गाडी ढकलली. उन्हात ढकलताना काकांना घाम फुटला, हात थरथरायला लागले, डोळ्यांसमोर अंधारी आली. डबा कुठं? तोही माझ्या डिकीत. फिटर काका पुढं येऊन आम्हाला गाठू शकले असते, पण अशा माणसाला एकट्याला सोडून कसं जाणार? त्यांनी उसाचा ट्रॅक्टर थांबवला आणि एक कांडं मागून घेतलं. ऊस चोखल्यावर काकांच्या जिवात जीव आला. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या पुढ्यात चोयट्यांचा ढीग होता.

मी डबा पुढं केला. माझ्या तोंडून शब्द फुटेना. काका मात्र हसले. म्हणाले, "पोरी, आरसा केस बघायला नसतो गं."

एवढंच. रागावलं कुणीच नाही. अण्णा तर दिवसभर एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी परत निघताना अण्णा म्हणाले, "आज तू शेवटी. फिटर काकांबरोबर." मला वाटलं ही शिक्षा. पण शेवटून जाताना मी पहिल्यांदाच सगळी रांग पाहिली. कोण डुलतंय, कोण दमलंय, कुणाची वळकटी सुटायला आलीय, सगळं शेवटून दिसतं. पुढच्याला फक्त रस्ता दिसतो.

रोहित पक्षी त्या पहाटे दिसले का? दिसले, पुष्कळ दिसले. पण त्या सहलीतलं मला आठवतं ते कडुनिंबाखालचं चोयट्यांचं ढिगारं.

एक गोष्ट कडक शब्दांत

हे वाचून कुणी बाबांची किल्ली उचलणार असेल तर आधी हे वाचा. स्कूटरचा परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. १६व्या वर्षी मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा, आणि आज दुकानातल्या पेट्रोलवरच्या बहुतेक स्कूटर त्याहून मोठ्या असतात. २०१९ मध्ये कायदा बदलला. आता लहान मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर आईवडिलांना किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि त्या मुलाला वयाच्या २५व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मागं बसणाऱ्यानंही हेल्मेट घालायचं, आणि त्याचा पट्टा लावायचा. हँडलला अडकवलेलं हेल्मेट फक्त हँडलचं रक्षण करतं.

आमच्या वर्गाची रॅली

सायकलला मात्र परवाना लागत नाही! त्या रविवारनंतर मी वर्गात फळ्यावर नागमोडी रांग काढून दाखवली. आमच्या शाळेत एका वस्तीवरून सहा जण सायकलवर येतात. आपले प्रश्नेश्वर त्यांच्यातलेच. ते रोज पहिले पोचायचे. त्यांच्यात तिसरीतली एक मुलगी आहे. तिची सायकल भावाची, उंच. सारखी चेन पडते. ती रोज दहा मिनिटं उशिरा यायची, एकटी, काळे हात घेऊन. परिपाठाला उशीर म्हणून ती रोज मागं उभी राहायची. आणि खरं सांगते, तिला मागं उभी करणारी मीच होते. ती एकटी का येते, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पुन्हा तेच. आरसा समोर आणि बघणं नाही!

पुढच्या आठवड्यात एका सकाळी सहाही जण उशिरा आले. परिपाठ अर्धा झालेला. पुढं प्रश्नेश्वर, दुसऱ्या नंबरावर ती मुलगी. सहांपैकी चौघांचे हात काळे.

"बाई, चेन पडली," प्रश्नेश्वर म्हणाले. "पण बाई, आम्ही मोजलं. सहा आहोत. पूर्ण."

आता तुम्हीच सांगा, उशीर झाला म्हणून सहा जणांना मागं उभं करायचं का? मी त्यांना हात धुऊन यायला सांगितलं, आणि ते येईपर्यंत प्रार्थना थांबवली. चहा थांबू शकतो, तर प्रार्थनाही थांबेल की.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत चेनही आवळून घेतली. आता ते सहा जण घरून दहा मिनिटं आधी निघतात.

या आठवड्यात करून बघा: शाळेत जाताना तुमचा गट किती जणांचा आहे ते मोजा. सगळ्यात हळू कोण, ते बघा आणि त्याला दुसऱ्या नंबरावर घ्या. सगळ्यात दमदार असेल त्यानं शेवटी राहायचं. मोठ्या रस्त्यावर नाही हं, गावातल्या कमी रहदारीच्या रस्त्यावर, डाव्या कडेनं, एकामागं एक. सायकलला आरसा नसतो, म्हणून थोड्या थोड्या वेळानं थांबून मोजा. आणि पोचल्यावर पहिला कधी पोचला ते मला कळवू नका. शेवटचा कधी पोचला, ते कळवा.

तुमची,
बाई